विश्लेषण : चित्रपट करणे सोपे झाले, मग तो गावात का पोहोचत नाही?

जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि वर्ध्याबरोबर त्यात बुलढाण्याचेही नाव होते. पॅकेजच्या आगेमागे कॅमेरेही आले. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९), दीपा भाटिया यांचा पत्रकार पी. साईनाथ यांच्या कामावरील ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९), नंदन सक्सेना आणि कविता बहल या जोडीचा ‘कॉटन फॉर माय श्राउड’ (२०११) हे सगळे लहान संस्थांनी, मोठ्या स्टुडिओच्या आधाराविना केलेले काम. ‘गाभ्रीचा पाऊस’ रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला, ‘कॉटन फॉर माय श्राउड’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या कापूसपट्ट्याची ही गोष्ट, तिथल्या गावांत मात्र यातला एखादा चित्रपट पडद्यावर पाहिलेला माणूस शोधावा लागेल.

जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागातील परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला आणि छोट्या निर्मिती संस्थांची चर्चा पुन्हा सुरू झाली. हातातल्या फोनवर चित्रीकरण करता येते, संगणकावर संकलन होते. मग मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या, वऱ्हाड आणि खानदेशाच्या शिवेवरच्या गावातून चित्रपट किंवा माहितीपट निघायला आणि तो त्याच गावात दिसायला अडचण कोणती?

‘स्वतंत्र’ म्हणजे कोणापासून स्वतंत्र?

स्वतंत्र चित्रपट म्हणजे कमी खर्चाचा चित्रपट, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. पैसा कोणाचा आणि शेवटचा शब्द कोणाचा, यावर हे स्वातंत्र्य ठरते. वितरक, वाहिनी किंवा मोठा स्टुडिओ आधी पैसे देतो तेव्हा कलाकार कोण, गाणी किती, शेवट कसा, यावर त्याचे मत चालते. छोटी संस्था हे मत विकत नाही. त्याबदल्यात धोकाही स्वतःच्याच अंगावर घेते.

‘कोर्ट’ हे याचे मराठीतील ठळक उदाहरण. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिला कथाचित्रपट. निर्माते विवेक गोंबर हे स्वतः अभिनेते. त्यांच्या ‘झू एंटरटेनमेंट’ने पैसे घातले आणि चित्रपटातील बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिकाही त्यांनीच केली. लोकशाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार होते. ते व्यावसायिक नट नव्हते. कुठल्याही स्टुडिओने अशा पात्रनिवडीला मान्यता दिली नसती. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ‘कोर्ट’ला ‘ओरिझोन्ती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणातील चित्रपटासाठीचा असे दोन पुरस्कार मिळाले. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळही मिळाले आणि भारताकडून ऑस्करसाठी तोच गेला. साथीदार यांचे एप्रिल २०२१ मध्ये करोनाने निधन झाले.

खर्च खरोखर कमी झाला आहे का?

यंत्रांचा खर्च कमी झाला, हे निर्विवाद. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा एकेक डबा मोजून वापरावा लागे, प्रक्रियेसाठी प्रयोगशाळा लागे, चित्रपटगृहागणिक वेगळी प्रिंट काढावी लागे. आज यातले काहीच उरलेले नाही. पण हा बदल फोन येण्याच्या बराच आधी सुरू झाला होता, तोही मुंबईबाहेर. मालेगावात व्हिडीओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला, तो सुमारे ५० हजार रुपयांत. संकलनाचे शिक्षण त्यांनी व्हीसीआर एकमेकांना जोडून घेतले होते. यंत्रमागावर काम करणारी माणसे पडद्यावर आली आणि गावाने ती डोक्यावर घेतली. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे ही कथा जगभर गेली आणि २०२५ मध्ये तिच्यावर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा हिंदी चित्रपटही आला.

मालेगावच्या प्रयोगात एक बाब सहज नजरेआड होते. तिथे चित्रपट करणारा आणि दाखवणारा एकच होता. पार्लर स्वतःचे, प्रेक्षक शेजारचा. त्यामुळे खर्च निघण्याची वाट लहान आणि माहितीची होती.

धामणगाव बढेच्या परिसरात आज कोणाकडे चांगला कॅमेरा, लेन्स, ड्रोन आणि संकलनाचा संगणक असेल, तर तो लग्नाची शूटिंग करणाऱ्याकडे. ग्रामीण महाराष्ट्रातली खरीखुरी ‘छोटी निर्मिती संस्था’ हीच. तुळशीच्या लग्नानंतर त्याला उसंत नसते आणि पावसाळ्यात यंत्रे कपाटात असतात. म्हणजे साधने आहेत, ती चालवणारा हात आहे, मोकळे चार महिनेही आहेत. जे नाही ते दोन गोष्टींत सांगता येईल : आवाज आणि वेळ.

आवाजाचे दुखणे तांत्रिक आहे. फोनचे चित्र मोठ्या पडद्यावर निभावून जाते, फोनचा आवाज निभावत नाही. विहिरीवरचा पंप, शेजारचा लाऊडस्पीकर, वारा आणि त्यात बोलणारी आजी हे सगळे एकाच मायक्रोफोनवर घेतले की नंतर वेगळे करता येत नाही. अनुभवी माहितीपटकार कॅमेऱ्यापेक्षा ध्वनिमुद्रकावर पैसे खर्च करतात ते यासाठी.

वेळेचे दुखणे मोठे. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला १४ वर्षे लागली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या पोलीस गोळीबारात १० जण मारले गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेले चित्रण खटल्याच्या आणि राजकारणाच्या वळणांमागे जात राहिले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘केव्ह पिक्चर्स’ या स्वतःच्या छोट्या संस्थेतून केलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटामागेही अशीच काही वर्षांची पायपीट आहे. इतकी वर्षे घरखर्च कसा चालायचा, हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा आणि अंदाजपत्रकात कधीच न लिहिला जाणारा खर्च. यंत्र स्वस्त झाले, माणसाचा दिवस स्वस्त झालेला नाही. होऊही नये.

पैसे येतात कुठून?

पहिला स्रोत घरचाच, आणि ही परंपरा थेट दादासाहेब फाळक्यांपर्यंत जाते. १९१२ मध्ये फाळक्यांनी मटारच्या दाण्यातून उगवणाऱ्या रोपाचे दिवसेंदिवस चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. तेही अपुरे पडले तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. आजच्या भाषेत सांगायचे तर तो मटार म्हणजे ‘टीझर’ आणि दागिने म्हणजे निर्मात्याचा स्वतःचा वाटा. महोत्सवांचे निधी आजही अर्जाबरोबर हेच दोन पुरावे मागतात.

दुसरा स्रोत परदेशी निधीचा. रॉटरडॅम महोत्सवाशी जोडलेला हुबर्ट बाल्स निधी ‘कोर्ट’ला पटकथेच्या टप्प्यावर मिळाला होता. अमेरिकेतील सनडान्स संस्थेचा माहितीपट निधी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’च्या पाठीशी होता. ‘साबर बोंडं’ ही भारत, ब्रिटन आणि कॅनडा अशी सहनिर्मिती. हे निधी उदार असतात, पण अर्ज इंग्रजीत, सादरीकरण इंग्रजीत, मुलाखतही इंग्रजीत. वऱ्हाडीत विचार करणाऱ्या दिग्दर्शकाची अर्धी शक्ती या भाषांतरातच जाते. दरवर्षी नोव्हेंबरात गोव्यातील इफ्फीबरोबर भरणारा ‘फिल्म बाजार’ हा देशातल्या देशात सहनिर्माते भेटण्याचा मुख्य रस्ता. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने तो २००७ मध्ये सुरू केला.

तिसरा, राज्य सरकारचे अनुदान. दर्जेदार मराठी चित्रपटांना परीक्षण समितीच्या शिफारशीनंतर ‘अ’ दर्जासाठी ४० लाख आणि ‘ब’ दर्जासाठी ३० लाख रुपये देण्याची योजना अनेक वर्षे राबवली गेली. छोट्या संस्थेसाठी ही रक्कम मोठी आहे. मात्र समिती पूर्ण झालेला, प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट पाहते. म्हणजे हा पैसा कर्ज फेडायला उपयोगी पडतो, पहिल्या दिवसाच्या चित्रीकरणाला नाही. ज्याची पत आहे त्याला कर्ज मिळते, त्यालाच पुढे अनुदानाची वाट पाहता येते. पीक कर्जाची आणि नंतरच्या भरपाईची रीत माहीत असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक वाट महाराष्ट्राने एकदा चालून पाहिली आणि सोडून दिली. १९७६ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह’ ही सहकारी संस्था काढली, बँकेचे कर्ज घेतले आणि विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वर चित्रपट केला. साखर, सूत, दूध, पतपेढी या सगळ्यांत सहकार रुजलेल्या राज्यात चित्रपटाचा सहकार तेवढा एका प्रयोगापुरताच का राहिला, याचा अभ्यास कोणीतरी करायला हवा.

माणूस कॅमेऱ्यापुढे बसतो तेव्हा काय ठरते?

कागदपत्रे हा विषय तरुण निर्मात्यांना रटाळ वाटतो आणि नेमका तिथेच त्यांचा चित्रपट अडकतो. पटकथा कोणाची, गाणे कोणाचे, मागे वाजणाऱ्या रेडिओवरचा तुकडा कोणाचा, हे लेखी नसेल तर महोत्सव घेईल, पण वाहिनी किंवा ओटीटी घेणार नाही. जात्यावरची ओवी पारंपरिक असते. तिचे विशिष्ट ध्वनिमुद्रण मात्र कोणाच्या तरी मालकीचे असू शकते.

माहितीपटात याहून अवघड प्रश्न संमतीचा. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी कॅमेरा जातो तेव्हा त्याची पत्नी ‘हो’ म्हणते ते कशाला? बहुतेक वेळा आलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे, म्हणून. किंवा यातून काही मदत मिळेल, या आशेने. अर्जावर अंगठा घेतला की कायद्याची पूर्तता होते. पण तिला तो चित्रपट कधी दिसणार, आपल्या दुःखाचा कुठला भाग लोकांपुढे गेला हे कळणार का, याचे उत्तर त्या अर्जात नसते. ‘पीपली लाइव्ह’ने (२०१०) गावात उतरणाऱ्या कॅमेऱ्यांची यथेच्छ टिंगल केली होती. माहितीपटकार वृत्तवाहिन्यांपेक्षा जास्त दिवस राहतो, जास्त ऐकतो, हे खरे. पण काम झाल्यावर तोही जातो. गावातच राहणाऱ्या छोट्या संस्थेचे महत्त्व इथे आहे. धामणगाव बढेच्या माणसाने धामणगाव बढेत माहितीपट केला, तर दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात त्याला जाब विचारणारे भेटतील. हा जाब कुठल्याही करारापेक्षा कडक असतो.

प्रमाणपत्र कशाकशासाठी लागते?

सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार चित्रपट सार्वजनिक ठिकाणी दाखवायचा तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र हवे. माहितीपट असला, लघुपट असला, तिकीट नसले तरी नियम तोच. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ गटाचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग केले आणि प्रमाणपत्राची मुदत कायमची केली. अर्ज आता ऑनलाइन होतो.

गावातल्या कथाचित्रपटाला दोन अटी हमखास आडव्या येतात. बैलजोडी दाखवायची तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि ती चित्रीकरणाच्या आधी घ्यायची असते. पारावरचा म्हातारा विडी ओढत असेल तर पडद्यावर वैधानिक इशारा आणि चित्रपटाच्या सुरुवातीला व मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी संदेश. हे माहीत नसलेल्या निर्मात्याला तयार चित्रपटातून बैल काढावे लागतात. आणि शेतीच्या गोष्टीतून बैल काढले की उरते काय?

मंडळाचा निर्णय अमान्य असेल तर पूर्वी चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरणाकडे जाता येत असे. एप्रिल २०२१ मध्ये ते रद्द झाले. आता वाट उच्च न्यायालयाची. पटवर्धन यांनी ‘वॉर अँड पीस’साठी ती लढाई लढली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो चित्रपट एकाही कपातीविना दाखवण्यास परवानगी दिली. परंतु वकिलाची फी आणि वर्षभराचा वेळ प्रत्येक छोट्या संस्थेकडे असत नाही. म्हणून बहुतेकजण मुकाट्याने कपात मान्य करतात.

घोडे पेंड खाते ते कुठे?

पडद्यापाशी. चित्रपट तयार आहे, प्रमाणपत्र आहे, पुरस्कारही आहे, असे समजू. २३६ रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटीचे ३६ रुपये गेले की २०० उरतात. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातल्या वादानंतर जो तोडगा निघाला, त्यानुसार पहिल्या आठवड्यात निम्मा, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि नंतर ३० टक्के वाटा निर्माता-वितरकाच्या बाजूला येतो. म्हणजे आधी १०० रुपये, चौथ्या आठवड्यात ६०. त्यातून वितरकाचे कमिशन, जाहिरात आणि डिजिटल प्रक्षेपणासाठी प्रत्येक पडद्यामागे द्यावे लागणारे शुल्क वजा.

या सूत्राची रचना पाहिली की छोट्या चित्रपटाचे दुखणे कळते. मोठ्या ताऱ्याचा चित्रपट पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचतो, म्हणजे वाटा सर्वाधिक असतानाच कमावतो. बिनताऱ्याचा चित्रपट तोंडातोंडी पसरतो. एकाने पाहिला, त्याने दुसऱ्याला सांगितले, तो पुढच्या रविवारी निघाला, यात दोन आठवडे जातात. तोवर वाटा घटलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे खेळच उतरवलेले असतात. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला ‘प्राइम टाइम’ देण्याचा निर्णय जाहीर केला. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हटले गेले, वाद झाल्यावर दुपारी बारा ते रात्री नऊ असा तोडगा निघाला. वेळ ठरली, किती दिवस, हे मात्र बाजारावरच राहिले. ‘कोर्ट’ त्याच महिन्यात प्रदर्शित झाला होता.

शिवाय मल्टिप्लेक्स मुळात मोठ्या शहरांचे. मोताळा तालुक्यातल्या कुटुंबाने असा चित्रपट पाहायचे ठरवले तर तिकिटाहून प्रवासाचे पैसे जास्त, आणि रात्रीचा खेळ सुटल्यावर परतीची एसटी मिळण्याची खात्री नाही. ज्यांच्या जगण्यावर चित्रपट आहे त्यांनाच तो पाहणे सर्वांत महाग पडते.

ओटीटी आणि यूट्यूबने प्रश्न सुटला का?

ओटीटीचा उपयोग नाव झालेल्यांना झाला. ताम्हाणे यांचा दुसरा चित्रपट ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिसला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार घेऊन आला आणि २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर जगभर दिसला. सर्वणिक कौर यांच्या मुंबईतील कोळी मित्रांवरच्या ‘अगेन्स्ट द टाइड’ या माहितीपटाला २०२३ मध्ये सनडान्सचा विशेष पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार हा व्यासपीठाचा परवाना नव्हे. कंपन्यांचे निकष प्रेक्षकसंख्येचे असतात आणि पहिलाच माहितीपट करणाऱ्या अनोळखी संस्थेला तिथे दारातच थांबावे लागते. ‘साबर बोंडं’ भारतात सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रपटगृहांत लागला, त्यामागे अभिनेते राणा दग्गुबाती यांच्या ‘स्पिरिट मीडिया’चे नाव होते. असा हात प्रत्येकाच्या पाठीवर पडत नाही.

यूट्यूबची गोष्ट निराळी. खानदेशात, मालेगावच्याच परंपरेत, ‘छोटू दादा’च्या विनोदी चित्रफितींनी कोट्यवधी प्रेक्षक मिळवले. तिथे बोली अडसर ठरली नाही, उलट तीच भांडवल ठरली. तरीही यूट्यूबचे उत्पन्न लांबीवर किंवा खोलीवर मिळत नाही, सातत्यावर मिळते. दर आठवड्याला एक चित्रफीत टाकणारा टिकतो. तीन वर्षे एका कुटुंबामागे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला हे गणित जमणारे नाही. आणि फोनवर एकट्याने पाहिलेला माहितीपट व गावाने एकत्र पाहिलेला माहितीपट यांत फरक आहे. दुसऱ्यानंतर चर्चा होते, कधी भांडणही होते.

मग गावात पडदा लागणार कसा?

महाराष्ट्राला हे नवीन नाही. टुरिंग टॉकीजचे तंबू जत्रेमागून जत्रेला जात, ट्रकवर प्रक्षेपक, समोर कनात, आत जमिनीवर बसलेले प्रेक्षक. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’चा विषय तोच. अब्राहम आणि मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजचा माग घेतला, तेव्हा गंजलेले ३५ मिलिमीटरचे प्रक्षेपक शेवटच्या घटका मोजत होते आणि डिजिटल यंत्र दाराशी उभे होते. मालक नव्या यंत्रापुढे गोंधळलेला, आयुष्यभर प्रक्षेपक दुरुस्त करणारा मिस्त्री रिकामा. २०१६ मध्ये कानच्या महोत्सवात या माहितीपटाला विशेष उल्लेख मिळाला. तंबू मोडण्याची कारणे त्यात उघडच दिसतात : दूरदर्शन संच, डीव्हीडी, मग मोबाइल, आणि नवे चित्रपट वेळेवर न मिळणे. तंबूला नव्या चित्रपटाची गरज होती आणि नव्या छोट्या चित्रपटाला तंबूची. त्या दोघांची भेट घालून देणारे कोणी नव्हते.

पटवर्धन यांनी ही भेट स्वतःच घडवली. ‘जय भीम कॉम्रेड’ मुंबईच्या वस्त्यांमध्ये उघड्यावर पडदा लावून दाखवला गेला. तीन तासांहून लांब माहितीपट लोकांनी जमिनीवर बसून पाहिला. केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम यांच्या ओडेसा गटाने तर वर्गणीही अशीच जमवली. गावोगाव चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवायचा, झोळी फिरवायची आणि त्या पैशांतून ‘अम्मा अरियान’ (१९८६) करायचा. मग तोही तसाच गावोगाव दाखवायचा.

बुलढाण्यासाठी याचा अर्थ फार अवघड नाही. एक प्रक्षेपक, एक पांढरा पडदा, दोन चांगले स्पीकर एवढे सामान लग्नाची शूटिंग करणाऱ्याकडे किंवा मंडपवाल्याकडे मिळते. शाळेचे पटांगण किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह मिळते. प्रमाणपत्र आधीच घेतलेले असले की परवानगीचा मुख्य प्रश्न मिटतो. एका गावात शंभर माणसांनी प्रत्येकी २० रुपये दिले तर दोन हजार होतात. हा आकडा मुंबईतल्या निर्मात्याला हास्यास्पद वाटेल, पण तालुक्यातल्या पन्नास गावांत एक लाख आणि जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत त्याच हिशेबाने तेरा लाख होतात. अर्थात प्रत्येक गावात शंभर माणसे येतीलच, पाऊस पडणार नाही, वीज जाणार नाही, हे सगळे गृहीत धरून. निम्मे आले तरी दोन-तीन जणांच्या संस्थेचा पुढचा माहितीपट सुरू होऊ शकतो. छत्रपती संभाजीनगरात भरणारा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव या भागाला त्यातल्या त्यात जवळचा. तिथे निवडला गेलेला मराठी चित्रपट घाटाखाली उतरून चार गावांत दाखवायचा, एवढी सोय झाली तरी सुरुवात होईल.

शेतकऱ्यांच्या पैशांतून चित्रपट उभा राहिल्याची नोंद देशात आहे. १९७६ मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. पटकथा तेंडुलकरांची, प्रमुख भूमिकांत स्मिता पाटील. चित्रपट लागला तेव्हा हे निर्माते ट्रक भरभरून गावांतून निघाले आणि तिकीट काढून स्वतःचा चित्रपट पाहून आले.